त्रेपन्नाचे पस्तीस

“मी काढलं न्हाय तिचं नाव. तिच्या आईनं काढलं. मी फक्त समजावून सांगितलं,” उदयसिंह म्हणाला आणि त्यानं रिकामी वाटी पुढं सरकवली.

वर्षाराणीनं आमटी वाढली नाही. पळी पातेल्यातच ठेवून ती म्हणाली, “काय समजावून सांगितलं, तेच मी मघापासनं विचारतोय.”

“पोरगीची तयारी न्हाय. उगं बसवाल, नापास झाली तर मनाला लावून घेईल. पुढच्या वर्षी बघू, म्हटलं. वाईट काय सांगितलं?”

“पुढच्या वर्षी पाचवीत जाणाऱ्या पोरीला चौथीच्या परीक्षेला कोण बसवून घेतंय?”

भिंतीला टेकून बसलेल्या बयाबाईंनी तेवढ्यात लेकाची बाजू घेतली. लोकाच्या पोरीपायी नवऱ्याला ताटावर ताटकळत ठेवायची रीत आपल्या घरात नाही, असं त्यांनी सुनेकडं न बघता, पंख्याकडं बघत सांगितलं. वर्षाराणीनं आमटी वाढली. वाढली म्हणजे वाटीत ओतली, थोडी ताटातही सांडली.

तिला राग होता तो वेगळ्याच गोष्टीचा. संध्याकाळी त्या पोरीची आई, दानम्मा, दारात आली होती. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट बांधलेली शिकवणीची पुस्तकं आणि वर एक डझन केळी. पोरीला काढून टाकलेल्या बाईनं बाईंसाठी केळी आणली होती. उंबऱ्याच्या बाहेरच उभी राहून ती म्हणाली, “तुम्हीच सांगितलाय म्हणून सर म्हटले, टीचर. तुम्ही सांगितला म्हणजे बरोबरच असणार की. चुकलंमाकलं माफ करा.” आणि जिना उतरावा तशी भराभर गल्लीत उतरून गेली. वर्षाराणी केळी हातात घेऊन तशीच उभी राहिली. तिनं तर काहीच सांगितलं नव्हतं.

वर्षाराणी मूळची शाहूवाडीकडची. भाताच्या खाचरांतून चालत शाळेला गेलेली, आणि शाळेत गणिताला हुशार म्हणून गावात नाव असलेली. बापानं तिला डी.एड.ला घातलं. पदविका हातात आली तेव्हा शिक्षकभरती बंद होती; पुढं कधीतरी उघडली तेव्हा तिच्या मांडीवर निशिगंधा होती. लग्न ठरवताना मात्र ‘मुलगी डी.एड. हाय’ हे उदयसिंहच्या घरच्यांनी पावण्यारावळ्यांत सांगून घेतलं होतं. मग ते डी.एड. फुलेवाडीतल्या घराच्या पुढच्या सोप्यात येऊन बसलं. पहिल्यांदा शेजारचा एक पोरगा पाढ्यांना आला, मग त्याची बहीण, मग त्यांच्या वर्गातले दोघं. असं करत करत सोपा भरला. चटया कमी पडल्या तेव्हा लेकरं पायऱ्यांवर बसायला लागली.

तिची शिकवायची एक पद्धत होती. पोरानं पाटी पुढं केली की ती म्हणायची, “उत्तर झाका, रीत दाखवा.” पोरं उत्तरावर तळहात ठेवायची आणि वरच्या पायऱ्या दाखवायची. उत्तर बरोबर आहे की चूक, ते ती शेवटी बघायची. कधी कधी बघायचीच नाही. नवीन आलेल्या पोरांना हे चमत्कारिक वाटायचं, त्यांच्या आयांना त्याहून जास्त. पण वर्षभरात पोरगं कुठं अडखळतं ते बाईंना त्याच्या आईच्या आधी कळलेलं असायचं.

शिकवणीत ती ‘मी सांगते, मी बघते’ असं पुस्तकी बोलायची आणि स्वयंपाकघरात पाऊल टाकलं की कोल्हापूरच्या बाकी बायकांसारखी ‘मी सांगतो, मी बघतो’वर यायची. पोरांना त्याची गंमत वाटायची. दोन बाई आहेत म्हणायची, एक सोप्यातल्या, एक आतल्या.

शहराबाहेरच्या एका मोठ्या शाळेनं पाचवीपासून गणिताची खास तुकडी काढली, आणि तिच्यासाठी चौथीच्या पोरांची निवड परीक्षा सुरू केली, तेव्हा सगळं बदललं. पहिल्याच वर्षी वर्षाराणीची पाच पोरं त्या तुकडीत गेली. उदयसिंहचं रंकाळ्याच्या अलीकडं फ्लेक्सचं दुकान. वाढदिवस, निवडी, तालमीच्या गणपतीचं आगमन, भावपूर्ण श्रद्धांजली, सगळ्यांचे चेहरे गोलात बसवायचा त्याचा हात बसलेला. त्यानं त्या पाच पोरांचे गोल केले, वर मोठ्या अक्षरांत ‘वर्षाराणी गणित अकॅडमी’ घातलं आणि कोपऱ्यात स्वतःचा फोटो टाकला. फोटोखाली ‘संस्थापक’. वर्षाराणीचा फोटो लग्नाच्या अल्बममधून कापून घेतलेला होता, त्यामुळं अकॅडमीच्या संचालिका मुंडावळ्या बांधून नाक्यावर लटकत राहिल्या. ती तेव्हा हसली होती. नवऱ्याला आपल्या कामाचं कौतुक आहे, एवढंच तिला त्यात दिसलं.

दुसऱ्या वर्षीपासून फ्लेक्सवर ‘शंभर टक्के निकाल’ आलं. दरवर्षी संक्रांतीच्या आसपास एखाददुसरं पोरगं शिकवणीला यायचं बंद व्हायचं. कुणाची तब्येत बरी नसायची, कुणी मामाकडं राहायला गेलेलं असायचं. तिला चुटपुट लागायची, पण बाकीची पोरं समोर बसलेली असायची. गेल्या वर्षी आत्याच्या घरी राहून शिकणारा कुरुंदवाडचा आदर्श असाच एकाएकी येईनासा झाला. सगळ्यांत मागं बसायचा, भागाकारात हळू होता, पण चुकत नव्हता. त्याला घरची ओढ लागली असेल, असं उदयसिंह म्हणाला होता.

दानम्मा केळी देऊन गेली आणि वर्षाराणीला ती सगळी पोरं एकदम आठवली.

दानम्माच्या पवित्राचं झालं होतं ते असं. यंदा त्या परीक्षेत तोंडी गणिताचा भाग वाढला. तिथले सर उदाहरण वाचणार, पोरांनी मनात करून नुसतं उत्तर लिहायचं, कच्चं काम करायचं नाही. तालमीच्या कार्यक्रमात माइकवर बोलायची सवय असल्यामुळं उदयसिंह म्हणाला, हे मी घेतो. मोबाइलवर वेळ लावून तो सोप्यात उभा राहायचा आणि मिरवणुकीत सूचना द्यावी तशी उदाहरणं वाचायचा. वर्षाराणी त्या वेळेत भाकरी करून घ्यायची. तिला तेवढीच उसंत. पवित्राची लेखी गणितं सगळ्यांच्या आधी होत. तोंडीत मात्र तिची बहुतेक उत्तरं चूक. नुसती चूक नाहीत, कुठल्या कुठं. “कानडी डोकं हाय, गणित शिरंना झालंय,” असं उदयसिंह हसत म्हणायचा, आणि बाकीची पोरंही हसायची.

रात्री भांडणातून काही निघालं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी वर्षाराणी ती केळी परत घेऊन गल्लीच्या टोकाला दानम्माच्या माडीवर गेली. ही माणसं कर्नाटकातल्या चिकोडीकडची. दानम्माचा नवरा शिवय्या मार्केट यार्डात गुळाच्या अडतीत कामाला लागला म्हणून जूनमध्ये कोल्हापुरात आली. पोरगी तिसरीपर्यंत कानडी शाळेत. इथं आल्यावर तिनं गल्लीतल्या पोरींबरोबर खेळून मराठी अशी उचलली, की ती इथली नाही हे कुणाच्या लक्षातही राहिलं नव्हतं.

दानम्मा गडबडून गेली. चटई टाकली, पाणी आणलं, केळी परत आलेली बघून तिचा चेहराच उतरला. आपण काल निघून आल्यावर सरांना घरात कुणी काही बोललं तर नाही ना, हे तिनं आधी विचारलं. वर्षाराणीला त्या प्रश्नानंच शरमल्यासारखं झालं. आपल्या नावानं आपल्याच नवऱ्यानं या बाईला परत पाठवलं, आणि ही त्यालाच बोलणी बसतील म्हणून काळजी करतेय.

तिनं पवित्राला समोर बसवलं.

“त्रेपन्न अधिक सत्तावीस,” ती म्हणाली. “मनात कर.”

पवित्रानं मान खाली घातली. ओठ हलले नाहीत, पण उजव्या हाताचं बोट फरशीवर फिरलं. वर्षाराणीचं लक्ष सवयीनं त्या बोटावर गेलं. आधी तीन काढले. मग त्याच्या पुढं पाच. खाली सात आणि दोन.

“एकशे सात.”

वर्षाराणीनं त्या बोटाचे आकडे मनात जुळवले. पस्तीस आणि बहात्तर म्हणजे एकशे सात. बेरीज अगदी बरोबर होती.

“एकोणसाठ वजा चोवीस.”

बोटानं सहा काढले, त्याच्या पुढं एक. खाली चार, दोन. वरून हातचा घेतला तोही दिसला. “एकोणीस,” पवित्रा म्हणाली आणि बाईंच्या तोंडाकडं बघायला लागली, कारण हे पण चूक असणार हे तिला आता पाठ झालं होतं.

“त्रेपन्नला तू पस्तीस का लिहिलंस?”

पोरीला प्रश्नच कळला नाही. वर्षाराणीनं तिला विचारलं, कानडीत त्रेपन्नला काय म्हणतात. पवित्रानं विचारलं, कुठलं त्रेपन्न? तेव्हा वर्षाराणीनं फरशीवर बोटानंच पाच आणि तीन काढून दाखवले.

“ऐवत्तमूरु,” पवित्रा म्हणाली. “ऐवत्त म्हणजे पन्नास, मूरु म्हणजे तीन. जसं म्हटलं तसं लिहायचं.”

“आणि त्रेपन्न?”

“त्यात त्रे आधी म्हणता की, टीचर. म्हणून तीन आधी.”

“आणि एकोणसाठ?”

“एक न् साठ. साठ तर येतो की मला, म्हणून सहा आधी.”

दानम्मा चुलीकडून हात पुसत आली आणि काय झालं विचारायला लागली. वर्षाराणीला लगेच सांगताच येईना. लहानपणापासून आपण आकडे शेपटीकडून म्हणतो, आधी एकक मग दशक, आणि लिहिताना उलटे लिहितो, हे तिच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. मध्यंतरी पुस्तकात ‘पन्नास तीन’ असं वाचायला शिकवायचं निघालं होतं, तेव्हा अख्खं कोल्हापूर हसलं होतं आणि तीही हसली होती. एकोणसाठ म्हणजे साठाला एक कमी, हे मराठी पोराला कुणी सांगत नाही, ते कानानंच कळतं. या पोरीच्या कानाला ते कुणी सांगितलंच नव्हतं. शाळेत बाई आकडे फळ्यावर लिहितात, पुस्तकात आकडे छापलेले असतात, त्यामुळं तिथं काही अडलं नाही. अडलं ते फक्त उदयसिंहच्या आवाजापाशी. आणि त्यानं उत्तर बघितलं, फुली मारली, डोकं कानडी ठरवलं.

तिनं पवित्राला एवढंच सांगितलं की मराठीत आकड्याचं शेपूट आधी येतं. पोरगी खुदकन हसली. मग दोघी बराच वेळ तेच खेळत बसल्या. छप्पन्न जमलं, चौऱ्याहत्तर जमलं, सदुसष्टला जरा थांबली पण जमलं. एकोणऐंशी म्हटलं की मात्र बोट हटकून एक्क्याऐंशीकडंच जायचं. एकोण आलं की एक कमी, हे तिला कळत होतं. घाईत निसटत होतं. थोडे दिवस लागणार होते. पण काय चुकतंय ते सापडलं होतं, आणि पवित्राला कळलं होतं की आपल्याला गणित येतं.

संध्याकाळी उदयसिंह दुकानातून आला तोवर वर्षाराणीचा राग जवळजवळ उतरला होता. जेवायला बसल्यावर तिनं सगळं सांगितलं, फरशीवरचं बोट, एक न् साठ, सगळं. आता तो हसेल, कपाळाला हात लावेल आणि म्हणेल, आयला, माझंच चुकलं की, असं तिला मनापासून वाटत होतं.

तो हसला. त्याला कळायला वेळही लागला नाही. “भारी हाय की पोरगी,” तो म्हणाला. “एक न् साठ! आपल्या कधी डोक्यातच आलं न्हाय.” त्यानं भाकरी मोडली. “पण आता उपयोग काय? परीक्षा तोंडावर आली. एक एकोण आला की गेली ती. कशाला रिस्क घ्यायची?”

“रिस्क कुणाची?”

“आपली की. तिचं काय, ती लहान हाय. आपला आकडा बिघडतोय.”

मग त्यानं मोबाइल काढून तिला दाखवलं. फ्लेक्स तयार होता. गोलातले चेहरे, मागं उगवता सूर्य, ‘पुन्हा एकदा शंभर टक्के निकाल’, खाली अभिनंदन करणाऱ्यांची नावं. परीक्षा व्हायची होती अजून.

“परीक्षेच्या आधीच निकाल लावलासा,” वर्षाराणी म्हणाली.

“डिझाइन आधी करून ठेवायला लागतंय. त्या हप्त्यात शिवजयंतीची गर्दी असती.” तो हे अगदी सरळपणे सांगत होता. त्यात काही वावगं आहे असं त्याला वाटतच नव्हतं.

“आदर्शला पण असंच समजावून सांगितलं होतं?”

त्यानं घास चावून गिळला. सगळ्या अकॅडम्या असंच करतात म्हणाला. ज्यांचं होणार त्यांनाच आपल्या नावानं बसवतात. बाकीच्यांनी स्वतःच्या जबाबदारीवर बसावं, कुणी अडवलंय? त्याशिवाय का एवढी पोरं येतात? लोक पायऱ्या बघत नाहीत, फ्लेक्स बघतात. त्या पोरांना मीच सांगायचं, तू नुसतं शिकवायचं, वाईटपणा सगळा मी घेतला आणि वर बोलणी पण मीच खायची. बोलता बोलता त्याला स्वतःचीच कणव आली.

“वाईटपणा तुमी कुठं घेतला?” वर्षाराणी म्हणाली. “माझ्या नावानं सांगितलासा. टीचरनीच सांगितलंय म्हणून. ती बाई मला केळी देऊन गेली.”

बयाबाई म्हणाल्या, केळी काय वाईट होती व्हय? परत कशाला दिलीस? पोरगीची एवढी माया आली असंल तर तिच्या आईबापाला सांग, बसवा म्हणावं तुमच्या तुमी. आपण कशाला मधी पडायचं. ती काय आपली हाय?

आठवीतली निशिगंधा इतका वेळ खाली मान घालून जेवत होती. या घरात बापासमोर ती फार बोलत नसे. ती म्हणाली, “पप्पा, मी पण बसलो नव्हतो की त्या परीक्षेला.”

उदयसिंहनं तिच्याकडं बघितलं.

“असंच सांगता की तुमी सगळ्या पावण्यांना. आमच्या निशाला आमी बसवलीच न्हाय म्हणून.” ती ताटातल्या मिठाला बोट लावत होती. “मी बसलो होतो. माझं झालं न्हाय. तेवढंच झालं होतं.”

बसली होती. वर्षाराणीनंच तिला परीक्षेला नेलं होतं, आणि निकाल लागल्यावर पोरगी दोन दिवस कुणाशी बोलली नव्हती. मग पाहुण्यांसमोर बापाचं ते वाक्य सुरू झालं, आणि वर्षाराणीनं ते चालू दिलं. तिला वाटलं होतं, पोरीला लाज वाटू नये म्हणून तो असं म्हणतो. पोरीला त्याचं काय वाटतं, हे इतक्या वर्षांत दोघांपैकी कुणी विचारलं नव्हतं. स्वतःच्या लेकीलासुद्धा याच माणसानं निकालातून गाळली होती. कानडी डोकं वगैरे सगळं नंतरचं.

“ते वेगळं,” उदयसिंह म्हणाला. आवाज चढला होता. “आनी हे बघ, वर्षे, सोपा माझा हाय. नाव मी मोठं केलंय, दोन रुपयाची पाटी लावून बसली असतीस तर गल्लीभाईर कुणी विचारलं नसतं. या घरात कुणाला बसवायचं आनी कुणाला न्हाय, ते मी ठरवणार. विषय संपला.”

वर्षाराणी उठली. हात धुऊन ती मागच्या परड्यात गेली आणि तिनं दानम्माला फोन लावला. माडीवरची पुढची खोली संध्याकाळी मोकळी असते का, एवढंच विचारलं. आतून उदयसिंहचं चालूच होतं, बयाबाई त्याला ताक पी म्हणत होत्या. दानम्मानं का, कशाला, काही विचारलं नाही. शिवय्याशी ती कानडीत दोन शब्द बोलली आणि म्हणाली, कधीपासून येता टीचर, चटया किती घालू?

वर्षाराणी आत आली. ताटं तशीच पडली होती. तिनं ती उचलली नाहीत. दारातच उभी राहून तिनं सगळ्यांकडं एकेकदा बघितलं, सासूकडं, नवऱ्याकडं, मग लेकीकडं. आवाज तिनं चढवला नाही.

“सोमवारपासनं शिकवणी दानम्माच्या माडीवर. सगळी पोरं तिथं येणार, त्यांच्या घरी मी आज सांगतो. पवित्रा परीक्षेला बसणार, माझ्या नावानं. तोंडी गणित मी घेणार. संध्याकाळच्या भाकरी मला जमणार न्हाईत, ते तुमचं तुमी बघा.”